दुकान बंदुकीचं, भांडवल वहीचं



भात पोटरीला आलं, मका दुधात आला, की डोंगरकाठच्या शिवारात एकच विषय असतो. डुक्कर. रात्रीत कळप येतो, खातो थोडं आणि लोळून नासतो जास्त. मग माळा, राखण, पत्र्याचे डबे, फटाके, झटका मशीन असं करत करत बोलणं घरातल्या जुन्या बंदुकीवर येतं. आणि बंदुकीचं नाव निघालं की पुढचे प्रश्न ठरलेले. केप कुठं मिळते? काडतूस कुणाकडचं चांगलं? अमक्यानं जुनी बारा बोअर विकायला काढलीय, घ्यावी का? थोडक्यात काय, दुकान कुठलं आणि दुकानदार कसा?

बियाणाच्या, खताच्या, औषधाच्या दुकानदाराबद्दल आपण इथं भरपूर लिहितो. बंदुकीच्या दुकानदाराबद्दल कोणी लिहीत नाही. खरं तर बियाणं बोगस निघालं तर हंगाम जातो. इथं माल बोगस निघाला तर हात जातो, आणि कागद बोगस निघाला तर माणूस आत जातो. म्हणून आजची नोंद या दुकानाची, आणि तीही थोडी मागं जाऊन. कारण चांगला दुकानदार कुणाला म्हणायचं हे एका दिवसात ठरलेलं नाही. दोन-तीनशे वर्षांत, काही वेळा लोकांचे हात-डोळे गमावून, ते ठरत गेलंय.

१. आधी दारू राखायला शिकले

आपल्याकडं दुकान नंतर आलं, कोठार आधी आलं. तोड्याच्या बंदुका होत्या, त्या बनवणारे कारागीर होते, पण गावात जाऊन बंदूक आणि दारू विकत घ्यावी असं दुकान नव्हतं. माल असायचा किल्ल्यावर, सरदाराकडं, नाहीतर बंदरावरच्या टोपीकराकडं. मुंगेरला मीर कासीमनं १७६० च्या दशकात राजधानी नेली आणि तिथं बंदुकांचा कारखाना काढला. त्या गावाचं नाव आजही बंदुकीशी जोडलेलं आहे.

त्याच्याही आधी, १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. त्यात किल्ल्यावरच्या दारूखान्याबद्दल जे सांगितलंय ते आजच्या दुकानदारानं भिंतीवर लावावं असं आहे. दारूखाना राहत्या घरांपासून लांब असावा आणि आतला माल ठरावीक दिवसांनी बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा नीट बंद करून ठेवावा, असा त्याचा आशय. बघा, तीनशे वर्षांपूर्वीचा कारभारी ओल आणि आग या दोन गोष्टींवर बोलतोय. बंदुकीच्या धंद्यातले मोठे शत्रू आजही तेच दोन. आपण बियाणाची थैली कुठं ठेवली होती हे विचारतो, तसंच इथंही. सह्याद्रीच्या पावसाळ्यात चार महिने ओलसर भिंतीला लागून पडलेलं काडतूस आणि कोरड्या कपाटात ठेवलेलं काडतूस यांची किंमत छापील एकच असते, गुण एक नसतो.

२. नळीवरची छाप

पुढची गोष्ट विलायतेची, पण तिचा माल आपल्या घरांत आहे म्हणून सांगतो. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ मध्ये राजाची सनद मिळाली. तयार झालेली नळी तपासायची आणि उतरली तर तिच्यावर छाप मारायची, हे या संघाचं मोठं काम बनलं. तपासायची रीत सरळ होती. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा. नळी फुटली, फुगली की बाद. टिकली तर छाप. बर्मिंगहॅमला १८१३ मध्ये पार्लमेंटच्या कायद्यानं असंच परीक्षागृह उभं राहिलं.

हे का करावं लागलं? स्वस्त आणि कच्च्या नळ्यांचा बाजार मांडला होता म्हणून. गिऱ्हाइकाला नळीच्या पोटातली भेग दिसत नाही. बियाण्याची उगवण डोळ्यांनी दिसत नाही तसंच. म्हणून तिसऱ्यानं तपासून मारलेली खूण लागते. दुकानदाराच्या गोड बोलण्यापेक्षा ती खूण मोठी.

पण खूण आली की नक्कलही आली. त्या काळी लंडनचे जॉन आणि जोसेफ मँटन हे भाऊ बंदुकीतले राजे. जोसेफ मँटनची बंदूक म्हणजे सगळ्या धंद्याला नमुना. त्या घराण्याचं नाव लावलेलं मँटन आणि कंपनी हे दुकान १८२५ च्या सुमारास कलकत्त्यालाही निघालं आणि पुढं पिढ्यान् पिढ्या चाललं. आणि याच नावाच्या नकली बंदुका बर्मिंगहॅम आणि बेल्जियमच्या लीएज शहरातून निघू लागल्या. नाव मँटनचं, नळी भलत्याचीच. (गंमत म्हणजे खुद्द जोसेफ मँटन १८२६ मध्ये दिवाळखोर झाला, आणि नाव मात्र विकलं जात राहिलं.)

आपल्याकडं जुन्या वाड्यातनं एखादी 'विलायती' बंदूक निघते. नळीवर मोठं इंग्रजी नाव असतं आणि मालक त्या नावाची किंमत सांगतो. जाणता दुकानदार नाव बघत नाही. तो नळ्या उतरवून खालच्या बाजूच्या बारीक छापा बघतो. कोणत्या परीक्षागृहाची, कोणत्या दारूसाठी, किती बोअरची. त्या छापा म्हणजे बंदुकीचा सातबारा. नाव कुणीही कोरतो, सातबारा वाचायला माणूस लागतो.

३. केप, काडतूस आणि दुकानदाराचं ज्ञान

गारगोटीच्या बंदुकीला ठिणगी पडली की आधी भपकन जाळ आणि मग बार. तेवढ्यात पाखरू उडायचं. अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याला हे डाचलं, आणि त्यानं ठोक्यानं पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट १८०७ मध्ये घेतलं. त्यातून पुढं तांब्याची टोपी आली, म्हणजे आपली केप. कोकणात अजून 'केपेची बंदूक' म्हणतात ती ही. त्यानंतर मागून उघडणारी बंदूक आली, काडतूस आलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी धूर न करणारी दारू आली.

इथं दुकानदाराचं काम बदललं. आतापर्यंत तो माल विकत होता, आता त्याला जोड जमवावी लागली. जुन्या नळ्या बऱ्याचशा लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या. त्यांच्यावर पाण्याच्या लाटेसारखी नक्षी दिसते, तिला डमास्कस म्हणतात. दिसायला देखणी, पण त्यातल्या बहुतेक काळ्या दारूच्या बेतानं घडवलेल्या. नव्या दारूचा दाब जास्त. म्हणून विलायतेत नव्या दारूची वेगळी परीक्षा आली आणि 'नायट्रो प्रूफ' असा ठसा पडू लागला. हा ठसा नसलेल्या जुन्या नळीत आजचं काडतूस घालणं म्हणजे दोन अश्वशक्तीच्या मोटारीच्या पाइपला दहाची मोटार जोडणं. एखाद दिवस चालेल, पण कधी फाटेल सांगता येत नाही.

तीच गोष्ट काडतुसाच्या घराची. जुन्या बारा बोअरचं घर बऱ्याचदा अडीच इंची, नवं काडतूस पावणेतीन इंची. मिटलेलं काडतूस आत बसतं, म्हणून माणूस फसतो. पण बार झाल्यावर त्याचं तोंड उघडतं, त्याला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो.

अजून एक. बारा बोअर म्हणजे काय? एका रत्तल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसते ती बारा बोअर. वीस केल्या तर वीस बोअर. म्हणजे आकडा मोठा तशी नळी बारीक. आता चुकून वीस बोअरचं काडतूस बाराच्या नळीत पडलं तर ते घसरून पुढं अडकतं. घर रिकामं दिसतं, माणूस मागून बाराचं घालतो आणि चाप ओढतो. पुढचं सांगायला नको. म्हणून जाणता दुकानदार गल्ल्यावर दोन बोअरची काडतुसं कधी एकत्र ठेवत नाही, आणि 'कुठल्या बंदुकीला पाहिजे?' हे विचारल्याशिवाय डबा खाली काढत नाही. कीटकनाशकाच्या दुकानात जो दुकानदार 'पीक कुठलं, कीड कुठली' विचारतो तो चांगला, तसंच हे.

ठासणीच्या बंदुकीबद्दल तर तोंडी विद्याच मोठी होती. गज नळीत सोडून किती बाहेर राहतो बघायचा, त्याच्यावर खूण करायची. त्यावरनं नळी भरलेली आहे की मोकळी ते कळतं आणि दुबार ठासणी टळते. काळ्या दारूची काजळी ओल ओढून घेते, म्हणून बार झाल्यावर त्याच दिवशी गरम पाण्यानं नळी धुवायची, कोरडी करायची, तेल द्यायचं. आणि काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीच्या बंदुकीत कधी घालायची नाही. ही दोन दारूंची जात वेगळी. नळ्या फुटून बोटं गेली, डोळे गेले, त्यातली किती कारणं इथं येऊन थांबतात. हे सांगणारा दुकानदार केपेच्या डबीवर दोन पैसे मिळवत असेल, पण देत असतो त्याहून जास्त.

४. दर पाटीवर

भावाच्या बाबतीतही एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८७१ मध्ये लंडनला काही लष्करी आणि आरमारी अधिकाऱ्यांनी दुकानदारांच्या भावाला कंटाळून स्वतःची सहकारी सोसायटी काढली. आर्मी अँड नेव्ही सोसायटी. घाऊक घ्यायचं, थोड्या नफ्यावर सभासदाला द्यायचं, आणि सगळ्या मालाचा दर छापील यादीत. त्यांची मुंबईची शाखा १८९१ मध्ये आली. काळा घोड्याजवळची ती इमारत त्याच नावानं अजून ओळखली जाते. यादीत ताटल्या, तंबू, खोगीर, तशा बंदुका आणि काडतुसंही असायची.

म्हणजे आपला खरेदी-विक्री संघ ज्या तत्त्वावर निघाला तेच. गिऱ्हाइकाला दर आधी कळला पाहिजे आणि सगळ्यांना एकच असला पाहिजे. फरक इतकाच, की ते दुकान साहेबाचं होतं. आपल्या शेतकऱ्याला तिथं काय किंमत होती ते पुढच्या भागात येतंच.

५. परवाना आला, दुकानदार अर्धा सरकारचा झाला

१८५७ नंतर इंग्रजांनी गावोगाव हत्यारं गोळा केली. १८६० मध्ये त्यासाठी कायदा झाला. आणि १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात इंडियन आर्म्स ॲक्ट आला. त्याच महिन्यात देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांना वेसण घालणारा कायदाही आला, म्हणजे साहेबाच्या मनात काय होतं ते कळतं. इकडं दख्खनमध्ये १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ नुकताच माणसं खाऊन गेला होता.

या कायद्यानं बंदूक ठेवायला परवाना, विकायला परवाना, बनवायलाही परवाना. पण गोऱ्यांना त्यातून सूट. म्हणजे मळ्याच्या गोऱ्या मालकाला बंदूक हक्कानं, आणि त्याच डोंगराखालच्या कुणब्याला अर्ज, मामलेदार, कलेक्टर. काँग्रेसनं १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला. रंगावरून दिलेली सूट १९२० च्या सुमारास नियम बदलून गेली. आणि १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसनं मूलभूत हक्कांत, नियमांच्या चौकटीत हत्यार बाळगण्याचा हक्कही घातला होता.

आपल्या शेजारच्या कोडगूची गोष्ट वेगळी. तिथल्या कोडवांना आणि जम्मा जमीनधारकांना १८६१ पासून या परवान्यातून सूट आहे, आणि ती आजही चालू आहे. तिथं बंदुकीची पूजा होते, भातशेतीच्या सणाला बार काढतात. आपल्याकडं तसं झालं नाही. आपल्याकडं पीक राखायचा परवाना आला. रानटी जनावरांपासून माणूस, गुरं आणि पीक राखण्यासाठी असा परवाना इंग्रजांच्या नियमांतही होता.

या सगळ्यात दुकानदाराचं रूप बदललं. तो आता निव्वळ वाणी राहिला नाही. त्याच्या गल्ल्यावर वही आली. कोणती बंदूक, नंबर काय, कुणाकडून आली, कुणाला गेली, परवाना नंबर काय, किती काडतुसं दिली. वही पोलिसांनी मागितली की दाखवायची. गिऱ्हाइकाच्या परवान्यावरही नोंद करायची. तराजूची जागा वहीनं घेतली म्हणा ना.

६. दहा पेट्या आणि एक वही

वहीची ताकद काय असते ते कलकत्त्याला १९१४ मध्ये दिसलं. आर. बी. रोडा आणि कंपनी हे तिथलं मोठं बंदुकीचं दुकान. २६ ऑगस्ट १९१४ रोजी त्यांचा कारकून श्रीशचंद्र मित्र कस्टममधून माल सोडवायला गेला. २०२ पेट्या सोडवल्या. गोदामात पोचल्या १९२. उरलेल्या दहा आणतो म्हणून गेला तो परत आलाच नाही. त्या दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० गोळ्या होत्या. माल बंगालच्या क्रांतिकारकांकडं गेला.

देशाच्या बाजूनं बघितलं तर ती धाडसाची गोष्ट आहे, आणि बंगालमध्ये ती तशीच सांगतात. पण आज आपण दुकानाकडं बघतोय, तर दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या. पहिली, पोलिसांना कळवायला दुकानाला तीन दिवस लागले. विश्वासाच्या माणसानं सोडवलेला माल त्याच दिवशी मोजायला दुसरा माणूस नव्हता, असाच याचा अर्थ. दुसरी, त्या प्रत्येक पिस्तुलावर नंबर होता आणि तो नंबर रोडाच्या वहीत लिहिलेला होता. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात म्हटलंय की ही पिस्तुलं पुढं ५४ प्रकरणांत वापरली गेली, आणि ५० पैकी ३१ परत हाती लागली. कुठंही माउझर सापडलं की नंबर बघायचा आणि वहीशी लावायचा. पेट्या गेल्या, पण वही राहिली.

आज तुमच्या-माझ्यासाठी याचा अर्थ साधा आहे. उद्या तुमची बंदूक चोरीला गेली, किंवा तुम्ही विकलेली बंदूक चार हातांतून भलत्याच गुन्ह्यात निघाली, तर तुमची बाजू कोण मांडणार? दुकानदाराची वही. ती नीट लिहिलेली असेल तर तुम्ही पाच मिनिटांत मोकळे. नसेल तर तारखांमागून तारखा.

७. खडकीचं काडतूस आणि पिकाचा परवाना

स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा आला. त्यात शेतकऱ्याच्या कामाचं एक कलम आहे, तेरावं. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, आणि ठासणीची पुरी पडत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर वीस इंचांपेक्षा कमी नळी नसलेली दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येईल, असं ते कलम सांगतं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं आपलं शिवार होतं, हे यातून दिसतं.

काडतुसाचा प्रश्नही देशातच सुटू लागला. पूर्वी एली, किनॉक अशी विलायती नावं चालायची. नंतर नाव झालं केएफ, म्हणजे किर्की फॅक्टरी, आपल्या पुण्याची खडकी. हा दारूगोळा कारखाना १८६९ चा. बारा बोअरचं 'शक्तिमान' तिथलंच. बंदुका सरकारी कारखान्यांतून आणि मुंगेर, जम्मूच्या परवानाधारक कारखान्यांतून. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदुकांची आयात सामान्य माणसाला बंदच झाली, आणि मग देशात असलेल्या जुन्या विलायती बंदुकांचे भाव चढले. जुन्या मालाचा बाजार चढला की नकली नाव, घासलेला नंबर, डागडुजी केलेली नळी हे सगळं आलंच. मँटनच्या काळची लबाडी नव्या कपड्यांत आली.

मध्ये १९७२ चा वन्यजीव कायदा आला. हे नीट समजून घ्या, कारण इथं बरेचजण घसरतात. बंदुकीचा परवाना वेगळा आणि जनावर मारायची परवानगी वेगळी. उभ्या पिकाला धोका झालेल्या जनावराबाबत कलम ११ खाली वनखात्याच्या अधिकाऱ्यानं लेखी परवानगी द्यावी लागते. पीक संरक्षणाचा परवाना खिशात आहे म्हणून डुक्कर पाडलं, असं चालत नाही. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वनखात्याकडं नाव नोंदवायचं असतं, हेही त्याच कायद्यात आहे. चांगला दुकानदार हे गिऱ्हाइकाला सांगतो. 'घ्या हो, कोण विचारतंय' म्हणणारा दुकानदार तुमचा नाही, त्याच्या गल्ल्याचा आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं झालं. बेकायदा बनवणं, विकणं यासाठी कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप.

८. मग दुकानात काय बघायचं?

एवढा इतिहास सांगितला तो या यादीसाठी.

पहिलं, आत गेल्यावर तो आधी परवाना मागतो का? कायद्याच्या २९ व्या कलमानं समोरच्याला हक्क आहे की नाही याची खात्री न करता हत्यार देणाराही गुन्हेगार, आणि परवाना नसलेल्याकडून जाणूनबुजून घेणाराही. ओळखीचा असूनही जो परवाना उघडून मुदत बघतो, त्याचा राग मानू नका. तो तुम्हाला वाचवतोय.

दुसरं, वही तुमच्यासमोर लिहितो का? बंदुकीचा नंबर मोठ्यानं वाचून, परवान्यावरच्या नंबराशी लावून लिहिणारा खरा. पावतीशिवाय काडतूस घेऊ नका, चार असली तरी.

तिसरं, जुनी बंदूक दाखवताना नळ्या उतरवून देतो का? उजेडाकडं धरून आतून बघा. खड्डे, गंज, बाहेरून पोचा, सांध्याची हालचाल. कारखान्याचं नाव आणि नंबर नसलेली बंदूक विकताच येत नाही, आठवं कलम आहे. नंबर घासलेला दिसला की हात जोडून बाहेर या. नळी कापून आखूड केलेली असेल तरी तेच.

चौथं, माल कुठं ठेवलाय? काडतुसाचा पितळी बूड हिरवट झालाय का, कागदी अंग फुगलंय का बघा. जुनं काडतूस 'स्वस्तात घेऊन जा' म्हणणारा दुकानदार मुदत संपलेलं औषध देणाऱ्यासारखा. आणि काडतूस उडालंच नाही तर लगेच बंदूक उघडायची नाही, तोंड सुरक्षित दिशेला धरून थांबायचं. आवाज बारीक आला तर पुढचा बार काढायच्या आधी नळी मोकळी आहे का बघायचं. हे तो न विचारता सांगतो का, यावरनं त्याची पारख होते.

पाचवं, दुरुस्ती. गावच्या लोहाराचा हात कितीही चांगला असला तरी बंदूक दुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. चांगल्या दुकानदाराकडं परवानगी असलेला कारागीर असतो, आणि 'ही नळी आता भिंतीवरच ठेवा' असं तोंडावर सांगायची त्याची तयारी असते.

सहावं, ठेव. मालक वारला, परवान्याची मुदत संपली, तर बंदूक पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडं जमा करता येते. जमा करताना नंबर आणि बंदुकीची अवस्था लिहिलेली पावती घ्या. पावसाळ्यात ठेवीतल्या बंदुकीला तेलाचा हात फिरवणारा दुकानदार भेटला तर त्याचं गाव सोडू नका.

आणि सातवं, जे मी सगळ्यात वर धरतो. तो कधी कधी विकायला नकार देतो का? दारू पिऊन आलेल्याला, भावकीच्या भांडणात तापून आलेल्याला, एकवीस वर्षं पुरी न झालेल्या पोराला. धंदा सोडून 'आज नाही, दोन दिवसांनी या' म्हणणारा माणूस गावाच्या किती घरांची राखण करत असतो, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं.

हे सगळं आत्ता का सांगतोय? जिल्ह्याच्या गावातलं एक चांगलं दुकान म्हातारा दुकानदार थकला म्हणून बंद होतं, पोरगा दुसऱ्या धंद्याला लागतो. डुक्कर काही दुकानाबरोबर बंद होत नाही. मग ती जागा कोण घेतं? गावठी बंदूक विकणारा, खोक्यातनं दारू देणारा, रानात गावठी बॉम्ब पेरणारा. त्या बॉम्बनं डुकराआधी आपलीच म्हैस, आपलंच कुत्रं जायबंदी होतं. प्रामाणिक दुकान ही शिवाराची गरज आहे, पाणंद रस्त्यासारखी. असेल तोवर कुणाच्या लक्षात येत नाही.

तुमच्या तालुक्यात असा जाणता दुकानदार किंवा कारागीर असेल तर त्याच्याकडून काय शिकलात ते खाली लिहा. त्याचं नाव-गाव, नंबर टाकू नका, शिकलेलं तेवढं टाका. केपेच्या बंदुकीची निगा, नळी कशी बघायची, काडतूस कसं राखायचं. जुनी माणसं जायच्या आधी हे लिहून राहिलेलं बरं.